प्रमाणपत्रावरची सोनेरी अक्षरं

(वाशी या तालुक्याच्या गावातलं फ्लेक्स छपाईचं दुकान. भर दुपार. शटर अर्धं खाली ओढलेलं. कम्प्युटरपुढं शिवरंजनी, शेजारी, शटरच्या वाटेत प्लास्टिकच्या खुर्चीत फटाका कारखान्याचा मुकादम उमाशंकर.)

उमाशंकर : अजून चमक पायजे, रंजू. हे नुस्तं पिवळं दिसायलंय. हळद फासल्यागत.

शिवरंजनी : थांबा की मामा, अजून सोनं चढवलंच नाही. आत्ता फक्त ‘प्रमाणपत्र’ एवढं टाइप केलंय. आता यात रंगाचे पट्टे भरते. वर गडद तपकिरी, मग पिवळा, मधी जवळजवळ पांढरा, परत पिवळा, तळाला परत तपकिरी.

उमाशंकर : मग ह्यात सोन्याचा रंग कुठला?

शिवरंजनी : सोन्याचा रंग कम्प्युटरात नसतोच. पिवळ्याच्या मधी ती पांढरी रेघ नेमकी बसली, की डोळ्याला सोनं वाटतं. आता कडा उचलते. हं, बघा. अक्षर कागदातून वर आल्यासारखं झालं का?

उमाशंकर : आगायाया! झालं की गं. हात फिरवला तर बोटाला लागंल.

शिवरंजनी : उजेड कुठून पडतोय तेबी ठरवावं लागतं. मी डावीकडून घेते, जरा वरून. मग उजव्या अंगाला बारीक सावली. सगळ्या अक्षरांवर उजेड एकाच बाजूनं पडला पाहिजे, नाहीतर खोटं दिसतं.

उमाशंकर : खोटं दिसायला नको. आमचे मालक आण्णासाहेब उगंच म्हणत न्हायीत, वाशीत खरं सोनं सराफाकडं न्हाय, गुरुलिंगशेठच्या ह्या दुकानात मिळतंय म्हणून. त्यांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर नाव काय उठलं व्हतं! पारगावच्या फाट्यावर मोटारसायकली थांबवून लोक वाचत व्हते.

शिवरंजनी : ते नाव मला तीन वेळा मोठं करायला लावलं होतं. शेवटी फोटोपेक्षा नाव मोठं झालं. मामा, शटर वर करू का जरा? उकडतंय.

उमाशंकर : नको. गुरुलिंगशेठ सांगून गेलेत, ह्ये काम होईस्तोवर दुसरं गिऱ्हाईक आत घ्यायचं न्हाय. पंखा इकडं फिरीव.

शिवरंजनी : बरं. ‘प्रमाणपत्र’च्या खाली काय घ्यायचंय?

उमाशंकर : मालकांनी मोबाईलवर पाठवलंय. तूच वाच, म्या चष्मा घरी विसरलो.

शिवरंजनी : ‘प्रमाणित करण्यात येते की, श्रीमती... यांनी अग्निसुरक्षा व स्फोटक द्रव्य हाताळणीचे तीन दिवसांचे प्रशिक्षण यशस्वीरीत्या पूर्ण केले आहे.’ चांगलं झालं की मामा. उशिरा का होईना, बायांना शिकवायला लागले. आई भाजली त्याच्या आधी कुणाला सुचलं असतं तर... जाऊ द्या. कधी आहे प्रशिक्षण?

उमाशंकर : तारीख हाय बघ त्यातच.

शिवरंजनी : ‘दिनांक सात ते नऊ एप्रिल.’ एवढ्या लांब? पुढच्या वर्षी?

उमाशंकर : न्हाय. ह्या वर्षीच.

शिवरंजनी : मामा, एप्रिल होऊन पाच महिने झाले.

उमाशंकर : म्हाईत हाय मला.

शिवरंजनी : आईला भाजून उद्या एकवीस दिवस होतील. एप्रिलमध्ये ती रोज तुमच्याच गाडीतून कामावर यायची. संध्याकाळी परत घरी. कसलं प्रशिक्षण?

उमाशंकर : हे बघ, उद्या सकाळी चौकशीला साहेब लोक येणारेत. त्यांना कागद लागतो. झालंय का न्हाय ते कोण बघतंय? कागद असला की ते लिहून घेत्यात आन् जात्यात. तू अक्षर काढ. बाकीचं तुझ्या डोक्याला कशाला?

शिवरंजनी : नावं किती आहेत?

उमाशंकर : अकरा. त्या शेडात कामाला व्हत्या तेवढ्या.

शिवरंजनी : द्या इकडं मोबाईल.

उमाशंकर : म्या सांगतो की एकेक.

शिवरंजनी : चष्मा नाही म्हणालात ना? द्या. ...कलावती, सोजरबाई, इरम्मा... मामा.

उमाशंकर : हं.

शिवरंजनी : सातवं नाव आईचं आहे.

उमाशंकर : म्हणून तर म्या सोता आलो. दुसऱ्या कुणाला पाठवलं न्हाय.

शिवरंजनी : म्हणजे आईला तीन दिवस सगळं शिकवलं होतं, आणि तरी तिनं चूक केली. असं म्हणतो हा कागद. असंच ना?

उमाशंकर : असं कुठं लिहिलंय?

शिवरंजनी : लिहायची गरज आहे का? शिकलेल्या बाईच्या हातून स्फोट झाला म्हटलं की पुढचं कुणीबी वाचतंय.

उमाशंकर : रंजू, ऐक. कागद न्हाय मिळाला तर कारखान्याला कुलूप लागतंय. चाळीस बाया घरी बसत्यात. तुमच्याच गल्लीतल्या नऊ हायीत. त्या काय म्हणतीला? हरणाबाई भाजली आन् आमचं काम गेलं. हाताला भाजलेल्या बाईशी कुणी भांडणार न्हाय, पण नळावर तुझ्याशी बोलायचं बंद करतीला. आन् तुझा भाऊ? विरेश गाडी कुणाची चालवतो?

शिवरंजनी : मालकाची.

उमाशंकर : मग? म्या धमकी देत न्हाय बरं का. जे हाय ते सांगतो.

शिवरंजनी : धमकी तुम्ही देत नाही. पण खुर्ची शटरच्या आडवीच टाकून बसलात.

उमाशंकर : पंख्याचा वारा इथं लागतो म्हणून बसलो. ही घे, सरकवली. जायचं असलं तर जा.

शिवरंजनी : कुठं जाऊ? उद्या परत ह्याच खुर्चीत येऊन बसायचंय मला. गुरुलिंगशेठनी सकाळीच सांगितलं, आण्णासाहेबांच्या कामाला नाही म्हणायचं असलं तर उद्यापासून येऊ नको.

उमाशंकर : मग काढ की. धा मिंटाचं काम हाय. आन् अजून एक हाय. रागावू नको.

शिवरंजनी : अजून काय?

उमाशंकर : प्रत्येकीचा अंगठा लागतोय खाली. धा जणींचा म्या आज संध्याकाळी घेतो. पर अक्काचे दोन्ही हात तर पट्टीत. तू मागं सगळ्या बायांचे कामगार कार्डाचे फॉर्म भरले व्हतेस न्हवं? त्याच्यावर अक्काचा अंगठा असंल. तो उचलून इथं बसवता येतो म्हणं.

शिवरंजनी : कोण म्हणं?

उमाशंकर : मालकच म्हणाले. त्या पोरीला समदं जमतंय म्हणाले.

शिवरंजनी : तिच्या हाताला कातडी राहिली नाही, आणि तुम्हाला तिचा अंगठा पाहिजे.

उमाशंकर : मला नको गं. मला कशाला पायजे?

शिवरंजनी : मी आईला विचारते.

उमाशंकर : तिला कशाला त्रास देतीस?

शिवरंजनी : नाव तिचं, अंगठा तिचा. तिला विचारल्याशिवाय माउसला हात लावणार नाही मी. मग शेठ मला कामावरून काढू देत, नाहीतर ठेवू देत. ...हॅलो, विरेश? आईच्या कानाला धर फोन. इकडं मी स्पीकरवर टाकलाय.

हरणाबाई : कोण, रंजू? जेवलीस का?

शिवरंजनी : जेवले. तू?

हरणाबाई : विरेशनं भात भरवला. न्हानपणी म्या त्याला भरवायची, आता त्यो मला भरवतो. हसू येतंय बघ. आग व्हतीय जरा, पर कालच्यापेक्षा बरं हाय.

शिवरंजनी : आई, उमाशंकरमामा आलेत दुकानात.

हरणाबाई : उमा? उमा, बरा हाईस न्हवं? तुझ्या दंडाला भाजलं व्हतं, त्यावर तेल लावतोस का?

उमाशंकर : लावतो अक्का. वाळलंय ते.

हरणाबाई : काळजी घे बाबा. तू त्या दिशी आत शिरला नसतास तर म्या आज बोलत नसते. इथं येणाऱ्या-जाणाऱ्याला म्या तेच सांगते, माझ्या माहेरच्या भावानं मला वढून भाईर काढलं म्हणून.

शिवरंजनी : आई, मामांना एक कागद पाहिजे. एप्रिलमध्ये तुला कारखान्यात शिकवलं होतं असा. आगीपासून कसं जपायचं, फटाक्याची दारू कशी हाताळायची, असं तीन दिवस. त्यावर तुझं नाव आणि तुझा अंगठा.

हरणाबाई : शिकवलं तर न्हवतं कुणी.

शिवरंजनी : नव्हतंच. म्हणून विचारते.

हरणाबाई : कशाला पायजे त्येंला?

शिवरंजनी : उद्या चौकशी आहे. कागद नसला तर कारखाना बंद होईल म्हणतात. कागद दिला तर चूक तुझी ठरंल.

हरणाबाई : माझीच असंल की बाई. मला काय आठवत न्हाय. नुस्ता उजेड आठवतो, दुसरं काय न्हाय. सोजर भेटायला आली तवा म्हणत व्हती, बाया म्हणत्यात तू सुपलीनं दारू गोळा करताना काहीतरी घासलंस. असंल. बारा वर्सं काम केलं, एखाद्या दिशी हात चुकला असंल.

शिवरंजनी : तू घासलंस असं तुला वाटतं का?

हरणाबाई : तू बी इचारलंस ना मला दोनदा, काय घासलंस, काय घासलंस. म्या काय सांगू? न्हाय आठवत. देऊन टाक त्येंला कागद. त्या चाळीस जणींनी माझ्यापायी घरी का बसायचं? आन् उमाच्या शब्दाभाईर जाऊ नको. त्यानंच मला कामाला लावलं व्हतं, तुझा बाप गेला त्या वर्सी. ठेव आता. नर्स आली पट्टी बदलायला. लई ठणकतं मग, बोलता येत न्हाय.

शिवरंजनी : बरं. ठेवते आई.

उमाशंकर : ...व्हय म्हणली की गं अक्का.

शिवरंजनी : हो म्हणाली. ऐकलं मी.

उमाशंकर : पाणी पी जरा.

शिवरंजनी : नको. बसा. करते मी. हा बघा फॉर्म, हा तिचा अंगठा. निळ्या शाईतला. मागचा कागद पुसते, म्हणजे फक्त रेघा राहतील. झालं. आता मोठा करून बघते, कुठं तुटला नाही ना. बघा मामा, कशा गोल गोल गेल्यात रेघा.

उमाशंकर : दिसतंय.

शिवरंजनी : ह्या रेघा आता तिच्या हाताला नाहीत. परत उमटतील का विचारलं तर डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. आता ह्या फक्त माझ्या कम्प्युटरमध्ये आहेत.

उमाशंकर : बारीक कर ते. एवढं मोठं कशाला ठेवलंय?

शिवरंजनी : केलं. नाव सोन्यात घेऊ का साधं?

उमाशंकर : सोन्यात म्हणाले व्हते. समदी नावं सोन्यात. बघितल्याबरोबर साहेबाला वाटलं पायजे, मोठा कार्यक्रम झाला व्हता.

शिवरंजनी : ‘श्रीमती हरणाबाई’. पहिल्यांदाच तिचं नाव असं लिहितेय मी. गावभर सगळ्यांची नावं ह्या रंगात चढवली, हिचं कधी सुचलं नाही. ...हं. आता तळाला. डावीकडं अंगठा, मधी शिक्क्याची जागा. उजवीकडं सही कुणाची? मालकाची ना? त्यांचं नाव जरा मोठं घेते, नाहीतर परत करायला लावतील.

उमाशंकर : न्हाय. त्यांचं नाव नको.

शिवरंजनी : नको?

उमाशंकर : कुठंच टाकू नको म्हणाले. म्या दोन बारीला इचारलं.

शिवरंजनी : वाढदिवस असू दे, रक्तदान असू दे, बोअरचं उद्घाटन असू दे, आण्णासाहेबांच्या नावाशिवाय या दुकानातून कागद बाहेर गेलेला मी बघितला नाही. मग खाली सही कुणाची?

उमाशंकर : वाच की. पाठवलंय त्यांनी. प्रशिक्षक म्हणून हाय बघ.

शिवरंजनी : ‘प्रशिक्षक व सुरक्षा प्रमुख : उमाशंकर सिद्धलिंग’.

उमाशंकर : व्हय. मला म्हणाले, तू घरचा माणूस हाईस, तुझंच टाकू. मान हाय म्हणाले.

शिवरंजनी : तुम्ही प्रशिक्षक?

उमाशंकर : सातवी नापास हाय म्या. पर कागदावर काय, कुणीबी चालतंय.

शिवरंजनी : मामा, उद्या साहेबांनी विचारलं, तीन दिवस काय काय शिकवलं, तर काय सांगाल?

उमाशंकर : सांगंन काहीतरी. बिडी ओढायची न्हाय... मोबाईल आत न्यायचा न्हाय...

शिवरंजनी : तीन दिवस? आणि त्यांनी दहा जणींना वेगवेगळं बसवून विचारलं, मामांनी काय शिकवलं, तर? अकरा कागद आहेत. अकरा ठिकाणी तुमचं नाव येणार, तुमची सही येणार. एका ठिकाणीबी त्यांचं नाही. कागद खरा धरला तर चूक आईची. खोटा निघाला तर खोटा करणारे तुम्ही. तिसरं माणूसच नाही ह्याच्यावर.

उमाशंकर : असं नसतंय गं. मालक हायीत ना मागं.

शिवरंजनी : मागं आहेत. कागदावर कुठं आहेत ते दाखवा मला.

उमाशंकर : तू माझं नाव काढ मग. जागा मोकळी सोड.

शिवरंजनी : काढलं. बघा. आता दुसरं कुणाचं टाकू? विचारा त्यांना. लावा फोन, मी बोलते.

उमाशंकर : नको! फोन नको. ...म्या त्यांच्याच शेडाच्या मागच्या खोलीत ऱ्हातो रंजू. लाइट त्यांची, पाणी त्यांचं. बायकू त्यांच्या घरी सैपाकाला. एका कागदासाठी न्हाय म्हणलो तर संध्याकाळी भांडी घिऊन कुठं उभा ऱ्हाऊ?

शिवरंजनी : मग टाकू तुमचं नाव परत?

उमाशंकर : टाक... न्हाय, थांब. थांब जरा. हात लावू नको कशाला.

शिवरंजनी : नाही लावत.

उमाशंकर : अक्का म्हणली, म्या तिला भाईर काढलं.

शिवरंजनी : काढलंच ना. सगळ्यांनी बघितलंय.

उमाशंकर : तिनं काय घासलं न्हवतं, रंजू.

शिवरंजनी : काय?

उमाशंकर : काय घासलं-बिसलं न्हवतं तिनं. फरशीवर दारू सांडली व्हती. दोन दिवस तशीच, वाळून कोरडी ठक्क. चपलेखाली करकर वाजत व्हती, नुस्ता पाय घासला तरी पेटंल अशी. अक्का मला म्हणली, उमा, आदी पाणी मारून धुऊन घिऊ, मग बसवते बायांना. म्या म्हणलो, मालाला ओल लागंल, गाडी भाईर उभी हाय, आदी एवढं उरकून घे. मालक फोनवर व्हते, गाडी का निघाली न्हाय म्हणून शिव्या देत व्हते. तिनं बायांना भाईर थांबवलं. म्हणली, तुमी नका यिऊ, एकटी आवरते. म्हणून एकटीच भाजली.

शिवरंजनी : वीस दिवस तुम्ही दवाखान्यात येताय.

उमाशंकर : व्हय.

शिवरंजनी : रोज नारळपाणी आणताय. ती तुम्हाला देव म्हणते आणि तुम्ही ऐकून घेताय.

उमाशंकर : सांगायचं म्हणून रोज जातो. पट्ट्या बघितल्या की तोंड उघडत न्हाय.

शिवरंजनी : मी तिला विचारलं हो, मामा. काय घासलंस म्हणून. भाजलेल्या माणसाला. ती तिकडं तोंड करून रडली आणि मला वाटलं, चूक कळली म्हणून रडते.

उमाशंकर : मला मार, काय बी कर.

शिवरंजनी : मारून काय होणार? तुम्ही ह्या खुर्चीत, मी ह्या खुर्चीत. दोघांनाबी उद्या ह्याच गावात राहायचंय. उद्या चौकशीत हे तोंडानं सांगाल?

उमाशंकर : तोंडानं न्हाय व्हायचं माझ्याच्यानं. मालक समोर बसणार. त्यांनी नुस्तं बघितलं तरी म्या मुका व्हतो. पंधरा वर्सं असंच झालंय.

शिवरंजनी : मग लिहून द्या. सही करा आणि आज संध्याकाळच्या आत तहसीलात देऊन या. एकदा पोच मिळाली, की उद्या तुम्ही मुके बसलात तरी चालेल. कागद बोलेल.

उमाशंकर : खोली जाईल.

शिवरंजनी : जाईल. विरेशची गाडीपण जाईल. माझी ही खुर्चीबी गेली समजा. मी तुम्हाला सोपं आहे म्हणत नाही.

उमाशंकर : आन् बाया? कारखान्याला कुलूप लागलं तर?

शिवरंजनी : लागेल कदाचित. नळावर बोलणार नाहीत माझ्याशी. पण त्यांनाच परत त्या फरशीवर बसायचं असलं, तर ती कुणीतरी धुतली पाहिजे ना आधी.

उमाशंकर : गुरुलिंगशेठ किती वाजता येतीला?

शिवरंजनी : चारला. आता सव्वातीन झालेत.

उमाशंकर : मला लिहाय येत न्हाय नीट. म्या सांगतो, तू टाइप कर.

शिवरंजनी : बोला.

उमाशंकर : लिही... ‘मी, उमाशंकर सिद्धलिंग, फटाका कारखान्यात मुकादम आहे. लिहून देतो की...’ लिहिलंस?

शिवरंजनी : लिहिलं. पुढं?

उमाशंकर : ‘फरशीवर दारू सांडलेली होती. ती दोन दिवस तशीच होती. कामगारांना कसलेही प्रशिक्षण दिलेले नव्हते.’ मग अक्काचं घे.

शिवरंजनी : ‘कामगार हरणाबाई यांनी, काम सुरू करण्यापूर्वी फरशीवर पाणी मारून ती धुवावी, असे मला सांगितले होते. मी त्यांना नकार दिला.’ असं चालेल?

उमाशंकर : एकदा वाच बरं परत.

शिवरंजनी : ‘हरणाबाई यांनी, फरशीवर पाणी मारून ती धुवावी, असे मला सांगितले होते.’

उमाशंकर : तसं न्हाय. ‘दोनदा’ घाल त्यात. दोनदा सांगितलं व्हतं तिनं.